पुष्याजवळचा ठिपका : पौष अमावास्येला गिर्ये-विजयदुर्ग

पहिला दिवस

क्ष-किरणांत अचानक चमकलेल्या जागेवर दुर्बीण लावून तिथे काही नवं दिसतं का, हे पाहायला निघालो होतो. कोकणातल्या गिर्येच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, उत्तर मोकळी आहे, म्हणून हे गाव निवडलं. समुद्र, किल्ला, हापूसचा मोहोर हे सगळं त्याच्या नंतर. इथला अक्षांश साडेसोळा अंशांचा, म्हणजे ध्रुवताराही क्षितिजापासून साडेसोळा अंशांवरच, पुण्या-मुंबईपेक्षा खाली. मधे एक माड आला तरी माउंटचा, म्हणजे दुर्बिणीला ताऱ्यांमागे फिरवणाऱ्या बैठकीचा, अक्ष ध्रुवाशी जुळवायचं काम अडतं.

पुण्याहून कोल्हापूर, गगनबावडा, घाट उतरून तळेरे, आणि तिथून विजयदुर्गचा फाटा. पहाटे निघालं की जेवायला पोचता येतं. मुक्काम होता त्या काकींच्या घरी उकड्या तांदळाचा भात, तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी तयार होती. तिरफळ चावायचं नसतं, नुसतं वासापुरतं असतं, हे घाटावरच्या दोघांना जीभ बधिर झाल्यावर कळलं.

काम असं होतं. आकाशात कुठेतरी काही सेकंदांपासून काही तासांपर्यंत क्ष-किरणांची चमक उठते आणि विझते. तिला क्षणिक क्ष-किरण स्रोत म्हणायचं. ती कशाची होती हे नुसत्या क्ष-किरणांवरून सहसा ठरत नाही. त्याच जागी दृश्य प्रकाशात काही नवं दिसतंय का, ते मावळतंय की उजळतंय, कुठल्या दीर्घिकेत आहे, हे पाहावं लागतं. हा तिचा दृश्य प्रकाशातला सोबती. तो सापडला तरच वर्णपट घेता येतो आणि अंतर कळतं.

चंद्रा या अवकाशातल्या क्ष-किरण वेधशाळेच्या जुन्या नोंदी चाळून अशा वीस-बावीस चमका निघाल्या होत्या, पण बहुतेक घडून गेल्यावर काही वर्षांनी. तोवर सोबती कुठला राहायला? ९ जानेवारी २००८ हा सुदैवी अपवाद. स्विफ्ट उपग्रह एनजीसी २७७० या दीर्घिकेतला आधीचा एक अतिनवतारा पाहत होता आणि त्याच चौकटीत दुसऱ्या ताऱ्याचा स्फोट सुरू झाला. क्ष-किरणांची चमक पाच-सात मिनिटांची, आणि तिच्या मागोमाग दिसलेला अतिनवतारा म्हणजे २००८डी. धक्कालहर ताऱ्याच्या पृष्ठातून बाहेर फुटते त्या घटकेला कुणाचं तरी लक्ष तिथे असण्याची ही पहिली वेळ.

९ जानेवारी २०२४ ला चीनचा आइन्स्टाइन प्रोब हा क्ष-किरण उपग्रह गेला आणि हा सगळा प्रकार रोजचा झाला. शेवंडाच्या (लॉबस्टरच्या) डोळ्यासारख्या चौकोनी सूक्ष्म नळ्यांच्या भिंगातून तो एका वेळी ३६०० चौरस अंश आकाश बघतो, साधारण ०.५ ते ४ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या मऊ क्ष-किरणांत. युरोपीय अवकाश संस्था आणि जर्मनीची माक्स प्लांक संस्था यात भागीदार आहेत. तो सूर्याकडे पाठ करून पाहतो, त्यामुळे त्याला सापडलेली जागा बहुधा आपल्याही रात्रीच्या आकाशात असते. जमिनीवरून शोधणाऱ्याला याहून सोयीची गोष्ट नाही.

दुपारी तीनला सड्यावर मांडामांड. २०० मिलिमीटर आरशाची न्यूटोनियन दुर्बीण, नाभीअंतर ८०० मिलिमीटर, कोमा करेक्टर (कडेचे तारे गोल ठेवणारं भिंग) आणि आयएमएक्स ५७१ चिपचा थंड करता येणारा कृष्णधवल कॅमेरा. ३.७६ मायक्रॉनचा पिक्सेल म्हणजे पिक्सेलमागे ०.९७ विकला (६० विकलांची एक कला, ६० कलांचा एक अंश), आणि चौकट १.७ गुणिले १.१ अंशांची. प्रोबच्या मोठ्या भिंगातून येणाऱ्या जागेची अनिश्चितता साधारण ३ कला त्रिज्येची असते, तेव्हा सगळं वर्तुळ चौकटीत आरामात बसतं आणि तुलनेला भरपूर तारे उरतात. प्रोबच्याच दुसऱ्या, अरुंद दुर्बिणीने मागाहून पाहिलं तर जागा १०-२० विकलांपर्यंत नेमकी होते. पण तेवढं थांबणं दर वेळी परवडत नाही.

पहिली अडचण माउंटची. जर्मन पद्धतीचा माउंट साडेसोळा अंशांवर कलवला की काउंटरवेटचा, म्हणजे तोलाच्या वजनाचा, दांडा तिपाईच्या पुढच्या पायावर आपटतो. हे दुकानात कुणी सांगत नाही. माउंट आणि तिपाईच्या मधे २०० मिलिमीटरचा जोडखांब घातला की दांडा मोकळा फिरतो. अक्षांशाचा मागचा बोल्टही इतक्या खाली तिरका दाबतो आणि आटे खराब करतो. म्हणून माउंट उचलून धरायचा, बोल्ट फिरवायचा, मग वजन सोडायचं. ध्रुवताऱ्याभोवती धुरकट असेल तर ध्रुवदर्शक भिंगावर विसंबू नका. माउंट फिरवून तीन जागांचे फोटो घेऊन सॉफ्टवेअरकडून अक्ष काढून घ्या.

दुसरी अडचण जांभ्याची. सड्यावरचा उघडा कातळ दिवसभर तापतो आणि सूर्यास्तानंतर दोन-अडीच तास वाफा सोडत राहतो. तिपाई कातळावर घट्ट बसते हे खरं, पण पहिल्या प्रहरात तारे साडेपाच-सहा विकलांचे फुगलेले दिसतात. पंचवीस पावलांवर वाळक्या गवताचा पट्टा होता, तिथे सरकल्यावर नऊ वाजता तेच तारे साडेतीन विकलांवर आले. जांभ्याचे सुटे चिरे मात्र हाताने उचलू नका. खाली फुरसं, विषारी साप, असतं. जमिनीवर पसरलेली काळी केबल उचलण्याआधीही टॉर्च मारा, आणि चप्पल नको, बूट हवेत.

रात्र सरावात गेली. फोकस कुठे सुटतो, हे पाहायचं होतं. अॅल्युमिनियमची ८०० मिलिमीटरची नळी दर अंश सेल्सियसला सुमारे १८ मायक्रॉन आखडते. एफ/४ ला, म्हणजे नाभीअंतर आरशाच्या चौपट असताना, फोकसची मोकळीक पन्नास मायक्रॉनही नाही. संध्याकाळच्या पंचवीस अंशांवरून पहाटे अठरावर येताना नळी सव्वाशे मायक्रॉन आखडते. तेव्हा दर दोन अंशांना फोकस पुन्हा करायचा. तासाचा गजर लावण्यापेक्षा तापमापीवर नजर ठेवणं बरं, कारण इथे मतलई, म्हणजे रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा, सुटली की अर्ध्या तासात दोन अंश उतरतात.

दुसरा दिवस

सकाळी आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. रात्रभर जागून आल्यावर पेजच बरी, असं काकींचं मत पडलं आणि पुढचे दोन्ही दिवस सकाळी पेज आली, सोबत भाजलेला सुका बांगडा. पोटाला हलकं आणि झोपेला चांगलं. मत बरोबर होतं.

दुपारी खारं वारं सुटलं की दुर्बिणीवर कापड टाकून ठेवायचं. समुद्र सरळ रेषेत दीड किलोमीटरवर असला तरी मीठ पोचतं. आरसा पुसायचा मोह झाला तर हात बांधून घ्या. मिठाचे कण फडक्याखाली आले की लेपावर चरे उठतात.

सव्वासात वाजता घरच्या वायफायवर सूचना आली. सड्यावर मोबाइलची रेंज येऊन-जाऊन असते, म्हणून एक जण घरी थांबवला होता. या सूचना अमेरिकेच्या जीसीएन जाळ्यावरून कुणालाही मिळतात. चमक दुपारी साडेतीनच्या सुमाराची, जागा कर्केत, पुष्य नक्षत्राच्या जवळ, त्रिज्या ३ कला. घटना आणि सूचना यांच्यात काही तास जाणं नवल नाही, माणसाने तपासल्याशिवाय बऱ्याच नोंदी पुढे येत नाहीत.

पुष्य तेव्हा नुकतं उगवलेलं. ते वर येईपर्यंतचे तीन तास खरे कामाचे असतात. दुर्बीण वळवण्याआधी चार गोष्टी उतरवून घ्याव्यात, आणि त्या घरच्या नेटवरच.

आधी गाइया उपग्रहाच्या तारायादीतून वर्तुळातले सगळे तारे. इथे पंचवीस-तीस निघाले. त्यात लाल रंगाचा आणि मोठ्या पराशयाचा, म्हणजे जवळचा, एखादा तारा आहे का ते पाहायचं. असला लाल बटू तारा अधूनमधून भडकतो आणि क्ष-किरणांत हुबेहूब असाच दिसतो. दूरच्या स्फोटाच्या शोधात निघालेल्यांची सर्वांत जास्त फसवणूक हे शेजारीच करतात. इथे तसा कुणी नव्हता. मग पॅन-स्टार्स या आकाश-सर्वेक्षणाच्या जुन्या प्रतिमा, आर (लाल) आणि आय (त्याहूनही लाल) दोन्ही फिल्टरमधल्या, आणि त्याहून खोल लेगसी सर्वेक्षणाच्या. तुलनेला काही नसेल तर नवा ठिपका नवा की जुना, हे ठरणार कसं? मग प्लेट सॉल्व्हिंगची, म्हणजे फोटोतल्या ताऱ्यांवरून जागा ओळखण्याची, तारायादी लॅपटॉपवर पूर्ण उतरलेली आहे ना, ते. शेवटी लघुग्रहांची यादी, कारण पुष्य क्रांतिवृत्तावरच, म्हणजे सूर्य-ग्रहांच्या वाटेवरच, बसलंय. आमच्या एवढ्या चौकटीत विसाव्या प्रतीपर्यंतचे (प्रतीचा आकडा मोठा तितका ठिपका फिका) डझनभर लघुग्रह सहज असतात.

सव्वादहाला, पुष्य त्रेचाळीस अंशांवर आल्यावर, सुरुवात केली. सेन्सर उणे दहावर. थंड करताना घाई केली तर दमट हवेत सेन्सरसमोरच्या काचेवर मधोमध धुक्याचा गोल जमतो, तेव्हा पंधरा मिनिटांत हळूहळू उतरवायचं. आर फिल्टर, एका मिनिटाचे साठ फोटो. लांब एकच फोटो घेत नाहीत, त्याला कारण आहे. मिनिटामिनिटाचे तुकडे हातात असले की हवे तसे गठ्ठे बांधून हालचाल तपासता येते. वाऱ्याने हललेले चार फेकून दिले तरी बाकीचे शाबूत राहतात.

फिल्टरबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. बिनफिल्टरने जवळजवळ अर्धी-पाऊण प्रत खोल जाता येतं, पण मग आलेला आकडा इतरांच्या आकड्यांशी जुळवता येत नाही. आर बरा. पण आर एकटाही पुरत नाही. आइन्स्टाइन प्रोबला दिसलेल्या ईपी२४०३१५ए या चमकेचा सोबती अॅटलास दुर्बिणींनी चमकेनंतर तासाभराने घेतलेल्या प्रतिमेत सापडला, आणि त्याची ताम्रसृती (प्रकाश किती ताणला गेला याचं माप, मोठी म्हणजे दूर) ४.८५९ निघाली. इतक्या दूरच्या प्रकाशात हायड्रोजनची लायमन-आल्फा रेषा ताणून सुमारे ७१२ नॅनोमीटरला जाते आणि तिच्या निळ्या बाजूचा बहुतेक प्रकाश वाटेतला हायड्रोजन खाऊन टाकतो. आर फिल्टर साधारण ५५० ते ७०० नॅनोमीटरचा. म्हणजे नुसत्या आरवर बसलेल्याला तिथे जवळपास अंधारच. जमेल तेव्हा मागोमाग आय घ्यावाच.

पावणेबाराला पहिल्या दहा फोटोंचा गठ्ठा पॅन-स्टार्सच्या चित्राशेजारी ठेवला. दोन्ही आलटून पालटून डोळ्यांपुढे आणायचे, हा जुनाच उपाय. यंत्राकडून वजाबाकी नंतर करावी. वर्तुळाच्या मध्यापासून दीड कलेवर, एका फिकट दीर्घिकेच्या कडेला, एक ठिपका होता. पॅन-स्टार्समध्ये तिथे काहीच नाही. प्रत १८.६. फिकट दीर्घिका, कडेला नवा ठिपका, सात तासांपूर्वीची चमक. पुस्तकात असतं तस्सं.

लघुग्रहांची यादी काढली. त्या वेळेला त्या जागी कुणीच नाही. सगळ्यांत जवळचा ३.२ कला पश्चिमेला. सड्यावर चहाचा थर्मास उघडला गेला.

मग ठिपका मोठा करून पाहिला. बाकीचे तारे गोल, हा किंचित लांबट, पूर्व-पश्चिम. शेवटच्या दहा फोटोंचा गठ्ठा घेतला. ठिपका जागेवरून हललेला, सुमारे २९ विकला पश्चिमेला. पन्नास मिनिटांत २९ म्हणजे तासाला ३५ विकला. सूर्यासमोर आलेले मंगळ-गुरूमधले लघुग्रह याच वेगाने उलटे, पश्चिमेकडे सरकतात. म्हणजे लघुग्रह तर नक्की. पण मग यादीत का नाही?

उत्तर ३.२ कलांमध्येच होतं. ३.२ कला म्हणजे १९२ विकला. तासाला ३५ च्या वेगाने बरोबर साडेपाच तास. लॅपटॉपवर प्रणाली नव्याने टाकताना वेळपट्टा यूटीसी (जागतिक वेळ, भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे) राहिला होता आणि घड्याळ कुणीतरी हाताने भारतीय वेळेवर लावलं होतं. त्यामुळे प्रत्येक फोटोच्या माथ्यावर भारतीय वेळच यूटीसी म्हणून छापली जात होती. माउंटचं घड्याळ जीपीएसवर वेगळं चालतं, म्हणून दुर्बीण बरोबर जागी वळत होती आणि चूक लपून राहिली. वेळ दुरुस्त करून यादी पुन्हा मागवली. लघुग्रह ठिपक्यावर दोन विकलांच्या आत बसला, प्रतही यादीत १८.५.

या चुकीतून घ्यायचं ते असं. घड्याळ जीपीएसच्या छोट्या यूएसबी रिसीव्हरवर बांधा, पण तेवढ्यावर थांबू नका. संध्याकाळी पहिल्याच फोटोत एखादा ठळक, माहितीतला लघुग्रह पकडा आणि यादीशी ताडून पाहा. वेळ, जागा आणि वेधस्थळाचे अक्षांश-रेखांश तिन्ही एका फोटोत तपासून होतात. आणि दोन गठ्ठ्यांमध्ये किमान अर्ध्या तासाचं अंतर ठेवल्याशिवाय कुठल्याही ठिपक्याबद्दल तोंड उघडू नका.

बागेचे राखणदार आजोबा कंदील घेऊन फेरीला आले होते. बागेत माकडं आणि रानडुकरं येतात, म्हणून रात्रीची फेरी असते. लांबूनच विचारलं, "गावलो काय तारो?"

"गावलो नाय, पण खंय नाय ता कळला."

"मगे निम्मा काम झाला," म्हणाले आणि कंदील बारीक करून गेले. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना उजेड नको असतो, हे त्यांना न सांगता कळलं होतं.

साठही फोटोंच्या गठ्ठ्यात वर्तुळात दुसरं काही नवं नव्हतं. पॅन-स्टार्सच्या ताऱ्यांवरून मोजलेली मर्यादा, म्हणजे दिसू शकेल असा सर्वांत फिका ठिपका, १९.६ प्रत. मध्यवेळ पावणेअकरा धरली तर चमकेनंतर सव्वासात तास. आतापर्यंत सापडलेले सोबती एवढ्या तासांनंतर बरेचदा विसाव्या ते बाविसाव्या प्रतीचे असतात, तेव्हा आठ इंची आरशाला तो न दिसणं हीच शक्यता मोठी. तरीही आकडा टाकाऊ नाही. चमकेच्या मागे गॅमा किरण स्फोटासारखा झगझगीत प्रकाश असता तर तो १९.६ ला दिसला असता. दिसला नाही, तेवढी एक शक्यता खोडली गेली.

दीडच्या सुमाराला पुष्य याम्योत्तरावर, म्हणजे आकाशातल्या उत्तर-दक्षिण रेषेवर, जवळजवळ माथ्यावर. इथे माउंट उलटवावा लागतो आणि उलटताना केबल काउंटरवेटच्या दांड्यात अडकते. केबलची एकच जुडी करून माउंटच्या डोक्यावरून खाली सोडा. त्यानंतर आय फिल्टरचे चाळीस फोटो झाले. त्यातही काही नाही.

तिसरा दिवस

अमावास्या. सकाळी समुद्राला उधाण, बंदरावर बोटी बऱ्याच वर आलेल्या. संध्याकाळी दुसऱ्या फेरीचा बेत होता. त्याच जागेचे तीस तासांनंतरचे फोटो हवे होते. याला कारण आहे. सगळे सोबती मावळतच जातात असं नाही. ईपी२४०४१४ए चा प्रकाश मावळता मावळता पुन्हा लालसर उजळला आणि पुढे तिथे अतिनवतारा निघाला, ताम्रसृती ०.४०१. ईपी२५०१०८ए च्या जागी २०२५केजी हा अतिनवतारा सापडला, ताम्रसृती ०.१७६, म्हणजे या धंद्यातल्या मानाने घराशेजारीच. म्हणून पहिल्या रात्री काही दिसलं नाही की जागा सोडून द्यायची नसते. एक दिवस, तीन दिवस, दहा दिवस अशा अंतरांनी पुन्हा पाहायचं.

दुपारी आजोबा आंब्याखाली मोहोर दाखवत होते. मोहोरावर दव बसून राहिलं की भुरी हा रोग येतो, म्हणून रात्री दव पडणार का याचा त्यांचा अंदाज आमच्या ॲपपेक्षा मुरलेला.

"आज मतलई नाय सुटूची. वारो पडलो की दव इलाच समजा."

ॲप म्हणत होतं आर्द्रता ८४ टक्के, वारा ताशी सहा किलोमीटर.

नऊला वारा पडला. साडेनऊला आर्द्रता ९३. दहा वाजता गाडीच्या टपावरून पाणी ओघळायला लागलं. मुख्य आरसा नळीच्या तळाशी असतो, तो सहसा वाचतो. दुय्यम आरसा तोंडाशी, उघड्या आकाशाखाली, तो हवेपेक्षा थंड होऊन पहिला भिजतो. फोटोत ते सरळ दिसत नाही. ताऱ्यांभोवती हळूहळू प्रभा वाढते आणि मर्यादा प्रत उतरत जाते. दर दहा फोटोंनी एकाच ताऱ्याची मोजलेली तीव्रता पाहत राहिलं की कळतं. इथे अर्ध्या तासात तीस टक्के पडली.

दुय्यम आरशाच्या पाठीला चिकटवायची दीड-दोन वॅटची तापपट्टी पुरते. आम्ही ती कोरडी मतलई गृहीत धरून बंद ठेवली होती, बॅटरी वाचवायला. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या लिथियम फॉस्फेट बॅटरीतून दोन वॅट वाचवण्यात काहीच शहाणपण नव्हतं. कॅमेऱ्याचा कूलर एकटाच तीस-पस्तीस खातो. पट्टी सूर्यास्तालाच चालू करायची. भिजल्यावर चालू केली तर सुकायला पाऊण तास जातो आणि मिठाचे वाळलेले डाग राहतात ते वेगळेच. नळीच्या तोंडाला योगा मॅटचा पाऊण हात लांबीचा कॉलरही गुंडाळावा. तो दव थांबवतो आणि क्षितिजावरच्या बोटींचा उजेडही अडवतो. अमावास्येला समुद्रावर दिव्यांची रांग लागते, त्यामुळे पश्चिम आकाश खालच्या वीस अंशांपर्यंत सोडूनच द्यावं.

चांगले फोटो पंचवीस उरले. मर्यादा १८.९. पहिल्या रात्रीपेक्षा उथळ, तरी नोंदवली. बाराला आवरलं. घरी खापरोळ्या झाकून ठेवलेल्या होत्या, नारळाच्या गोड रसात बुडवून. एवढ्या भिजलेल्या रात्रीनंतर त्या कुणी मोजून खाल्ल्या नाहीत.

आठ इंची आरशाने हे का करायचं, असा प्रश्न येतोच. हानले इथे आयआयटी मुंबई आणि भारतीय खगोलभौतिकी संस्थेची ग्रोथ-इंडिया ही ०.७ मीटरची स्वयंचलित दुर्बीण हेच काम करते आणि एका मिनिटात आमच्या तासाहून फार मागे राहत नाही. पण लडाखच्या आकाशात ढग असतात तेव्हा कोकणात जानेवारीची रात्र बहुधा मोकळी असते. आणि पहिल्या दोन-तीन तासांत सोबती सतराव्या-अठराव्या प्रतीचा असण्याची जी थोडकी शक्यता असते, तिला मोठा आरसा लागत नाही, वेळेवर उघडी असलेली दुर्बीण लागते. हौशी मंडळींनी भर द्यायचा तो खोलीवर नाही, लवकर पोचण्यावर.

नोंद लिहिताना सहा गोष्टी चुकवायच्या नाहीत: फिल्टर, एकूण एक्स्पोजर, मध्यवेळ यूटीसीमध्ये, चमकेपासून गेलेले तास, मर्यादा किती सिग्माची (किती खात्रीची) आणि कुठल्या प्रतपद्धतीत, आणि आपल्या आकाशगंगेतल्या धुळीची वजावट केली आहे की नाही. ‘काही दिसलं नाही’ एवढंच लिहिलेलं कुणाच्याही उपयोगाचं नसतं. जीसीएनवर परिपत्रक पाठवायला नोंदणी आणि आधीच्या एखाद्या सदस्याची मान्यता लागते. ती निघण्याआधीच मिळवून ठेवा, ऐन रात्री कुणी भेटत नाही.

चौथा दिवस

परतीच्या आधी विजयदुर्ग. वाघोटन खाडीच्या तोंडाशी असलेल्या या किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ म्हणून चौथरे आहेत. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेधांसाठी ते बांधले आणि हेलियमचा शोध इथेच लागला, असं तिथे सांगतात. दर १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिनही होतो.

त्या दिवशी ग्रहणाचा पट्टा याच भागातून गेला आणि वेध घेणाऱ्यांचे तळ हिंदुस्थानात ठिकठिकाणी पडले होते. मात्र फ्रान्सचे जान्सेन तेव्हा गुंटूरला होते. सौरज्वालांच्या रेषा त्यांना इतक्या झगझगीत दिसल्या की ग्रहण सुटल्यावरही त्या दिसतील हे त्यांनी ओळखलं आणि दुसऱ्या दिवशी पाहून दाखवलं. नॉर्मन लॉकयर त्या वर्षी इंग्लंडमध्येच होते. त्यांनी २० ऑक्टोबरला तिथूनच, ग्रहणाशिवाय, त्याच रेषा पाहिल्या. सोडियमच्या जोडरेषांजवळची ५८७.५ नॅनोमीटरची पिवळी रेषा पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून नवं नाव आलं. पृथ्वीवर हेलियम हाती लागायला १८९५ उजाडलं, रॅम्झींच्या प्रयोगशाळेत.

ओट्यांवर बसून हे सांगितल्यावर तिकिटाजवळच्या पोराने रास्त शंका काढली, "मगे ह्ये ओटे कोणाचे?" याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. कुणी, कुठून, किती वाजता पाहिलं, हे त्या चौथऱ्यांवर कुणी कोरून ठेवलेलं नाही.

सामान भरण्याआधी दीड तास मिठाला द्यावा. माउंटचे उघडे बोल्ट ओल्या फडक्याने पुसून, सुकवून शिलाईमशिनच्या तेलाचा हात. तिपाईचे पाय गोड्या पाण्याने धुवायचे. आरशावर आधी हवेचा फुगा, मग फक्त डिस्टिल्ड पाणी ओतायचं आणि उभा ठेवून निथळू द्यायचं. कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात. पुड्या काकींच्या तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळ्या करून घेतल्या, काकी शेजारी उभ्या राहून हा कुठला पदार्थ म्हणून बघत होत्या. तवा वेगळा मागून घ्या. ते दाणे खायच्या भांड्यात नकोत.

पुढची संधी माघ अमावास्येची. पण तिच्या एक-दोन दिवस आधी महाशिवरात्र येते आणि कुणकेश्वरची यात्रा भरते. देवगड तालुक्यात खोली मिळत नाही, रस्त्याला गाड्या आणि मंडपांना रात्रभर दिवे. गिर्ये तिथून लांब असलं तरी पाहुणे इथवर येतात. काकींकडे खोली हवी असेल तर पंधरा दिवस आधी फोन करावा आणि रात्री जागणार, सकाळी पेज लागेल, हे तेव्हाच सांगून ठेवावं.